ही खोली आज बंद आहे

९ जानेवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळी खूण दिसते, पुढे काही नाही. म्हणून कागदावर लिहितेय. तुझ्या ऑफिसचा पत्ता मामाकडून घेतला. आई गेल्याचंही त्यानेच तुला कळवलं. "कळवलंय. बरं म्हणाली," एवढंच त्याने आम्हाला सांगितलं. आम्ही तुझी वाट पाहिली नाही. म्हणजे पाहिली, पण बाबांनी मला सांगितलं नाही आणि मी बाबांना.

इथे सगळं ठीक आहे. पाहुणे गेले. आणलेल्या सतरंज्या परत केल्या. बाबा दुकानात जायला लागले. औषधांच्या दुकानाला किती दिवस सुट्टी घेणार, लोक आजारी पडायचे थांबतात का, असं म्हणाले. मीही कॉलेजला जाते. शेवटचं वर्ष आहे, वर्ग असे नाहीतच. फक्त घर आहे.

घराचं तुला माहीत नसणार. स्पर्धा आहे. प्रत्येक कॉलेजने एक घर बांधायचं, चित्रातलं नाही, माणूस राहू शकेल असं. त्यात बाहेरून विजेची तार येणार नाही. छतावर पडेल तेवढ्या उन्हावर दिवे, पंखे, शेगडी, कपडे धुण्याचं मशीन, सगळं चालवायचं. आधी कॉलेजच्या आवारात बांधून बघायचं, मग सोडवून ट्रकमध्ये घालायचं आणि दुसऱ्या गावच्या मैदानावर परत उभं करायचं. तिथे आठवडाभर परीक्षक येणार, लोक येणार. पहिल्या तीन घरांना त्याच मैदानावर कायमची जागा मिळणार. बाकीच्यांनी आपापलं घर खोलून घरी न्यायचं. हा विनोद माझा नाही, तोफेचा आहे.

तोफ म्हणजे आमच्यातली एक. ती कुजबुजली तरी पलीकडच्या इमारतीत ऐकू जातं, म्हणून आलेल्या लोकांना घर दाखवायचं काम तिचं. वायरिंग गोगलगाय बघतो. एक बटण बसवायला त्याला अर्धा दिवस लागतो, पण एकदा बसवलं की बसवलं. आम्हाला शिकवणारे ते मास्तर. ते सरळ वाक्य कधी बोलत नाहीत, टेबलावरची वस्तू फिरवत बसतात. मी घरातल्या हवेचं बघते. भिंतीत काय भरायचं, खिडकी कुठे ठेवायची, ती कधी उघडायची. आत फार गरम होता कामा नये आणि फार गारही.

मी कॉलेजला परत गेले तो पहिला दिवस. तोफेने मला मिठी मारली आणि रडली. तिचं नाक माझ्या खांद्याला लागत होतं. मी तिच्या पाठीवर थोपटत होते. दक्षिणेच्या भिंतीत ऊन अडवणारी लोकर भरायची राहिली होती आणि सुतार दुपारनंतर थांबणार नव्हता, ते माझ्या डोक्यात होतं.

मी अजून रडलेले नाही. कुणी विचारलं तर पोटभर रडून घेतलं, असं सांगते. लोकांना बरं वाटतं.

— धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. "तिने माझं नाव घेतलं का?" खाली सहीसुद्धा नाही. असू दे, अक्षर तुझंच आहे.

सांगते. आधी इथलं सांगते.

घराचं छत झालं. वर पॅनल बसले, त्यांच्या शेजारी पाणी तापवायच्या नळ्या बसल्या. परवा त्या नळ्यांचा एक जोड गळत होता. गोगलगाय पाना घेऊन वाकला होता आणि मी नळी धरली होती. भर दुपार होती. एकदम तो ओरडायला लागला, "अगं हात काढ! हात काढ, हात!" मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी सांगतोय. मग त्याने माझं मनगट धरून ओढलं. तळव्याचं कातडं नळीला चिकटून राहिलं होतं, थोडंसंच.

कॉलेजच्या डॉक्टरांनी विचारलं, "फार दुखतंय का?"

मी म्हटलं, "दुखत असेल."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

मग मास्तरांनी खोलीत बोलावलं. पेनचं टोपण काढत होते, घालत होते. म्हणाले, "काही दिवस घरी थांब."

"घरी काय करू, सर?"

त्यांनी टोपण दोनदा लावलं. "मग छतावर चढायचं नाही. खाली सावलीत बसून काय ते सांग."

खाली आले तर तोफ कुणाला तरी सांगत होती, "घराचं तापमान हिच्या हातात, आणि हिला गरम-गार कळेना!" मला पाहिलं आणि जीभ चावली. मी हसले. खरंच हसले. ते सगळे मात्र घाबरले.

बाबांनी हात पाहिला. दुकानातून मलम आणि पट्टी आणली, गिऱ्हाइकाला सांगतात तसं सांगितलं, "पाणी लागू द्यायचं नाही. रोज बदलायची." पट्टी छान बांधतात. माझ्या लक्षातच नव्हतं.

ते झोपत नाहीत. आतल्या खोलीत जातच नाहीत. पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसतात, सकाळी तिथेच असतात. कपडे दोरीवरून थेट अंगावर. मी म्हटलं, एखादी झोपेची गोळी घ्या. तर म्हणाले, "आयुष्यभर लोकांना दिल्या. त्यात काय असतं ते मला माहीत आहे ना." आणि वर्तमानपत्र उलटं धरून बसले. खरंच उलटं नव्हतं, पण वाचत नव्हते.

तुझ्या प्रश्नाचं पुढच्या पत्रात.

— धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

घर सोडवलं. बांधायला महिने लागले, सुटायला काहीच नाही. भिंतींवर खडूने खुणा केल्यात, कुठली कुठे जायची. ट्रकवर आमचं स्वयंपाकघर उलटं पडलेलं होतं, ओट्याचे पाय वर. तोफ म्हणाली, आपल्या घराने पाय वर केले. कुणी हसलं नाही. माझ्यामुळे नसावं, दमले होते सगळे. उद्या आम्ही निघतो.

काल मामी आली होती. डबा घेऊन आली, नेहमीसारखं जास्त मीठ. तुझ्या कार्डाचं मी तिला सांगायला नको होतं, पण टेबलावर पडलं होतं, तिने वाचलं.

"मग तू काय लिहिलंस?"

"अजून काही नाही."

"अगं, सांगून टाक घेतलं म्हणून. तिचं नाव घेता घेताच प्राण गेला म्हण. तुझं काय जातंय? तिकडे एकटी आहे पोर, तिला जन्मभर पुरेल."

बाबा शेजारीच बसले होते. ते उठून आत पाणी प्यायला गेले. पाण्याचा तांब्या बाहेरच होता.

मामी गेल्यावर मी तसं पत्र लिहायला बसले. जमत होतं, ताई. आई उशीवर डोकं ठेवून काय म्हणाली, कशी दाराकडे बघत होती, सगळं सुचत होतं. फारच छान जमायला लागलं तेव्हा थांबले आणि कागद फाडला.

तू गेलीस त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तुला तिकडची नोकरी लागली होती, आईचं पहिलं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. ती म्हणाली, "जायचं तर जा. मग परत तोंड दाखवायचं नाही." तू बॅग उचललीस. ती रागात बोलली होती आणि तूही रागात गेली होतीस, पण नंतर दोघींनी शब्द पाळला. दोघी एकाच मातीच्या. बाबा आणि मी दुसऱ्या मातीचे. आम्ही मधे बसून राहिलो, जेवण वाढायला कुणीतरी हवं म्हणून.

तुझ्यावर राग नाही. आईवरही नाही. कुणावर असता तर बरं झालं असतं, असं वाटतं कधीकधी.

— धाकटी


७ मार्च

ताई,

मैदानावरून लिहितेय. घर उभं राहिलं. रांगेत सगळ्या कॉलेजांची घरं आहेत. शेजारच्यांचं गोल आहे, दुरून पिठाच्या डब्यासारखं दिसतं. आमचं साधं आहे. चार भिंती, एक ओसरी, एक झोपायची खोली. सकाळी परीक्षक मोजमापं घेतात, मग लोकांसाठी घर उघडं. रोज एक काम ठरलेलं. आज टॉवेल धुवून कोरडे करून दाखवायचे होते आणि शेजारच्या संघाला घरी जेवायला बोलवायचं होतं. सगळं आपल्या विजेवर.

आज सकाळपासून ढग. गोगलगाय बॅटरीचा आकडा बघून सगळ्यांवर खेकसत होता. फ्रिज उघडा ठेवू नका, दिवा लावू नका, झोपायच्या खोलीतला पंखा तर अजिबात नाही. तोफ ओसरीवर उभी होती, "या, या, चपला बाहेर काढा, घर नवीन आहे आणि पुसणारे आम्हीच आहोत!" मी झोपायच्या खोलीत होते. आलेल्यांना भिंतीचं आणि खिडकीचं सांगायचं, मग पुढच्यांना तेच. पाठ झालंय. बोलताना दुसरा विचार करता येतो, किंवा कसलाच विचार न करताही बोलता येतं.

बाबा रांगेत होते.

त्यांनी येतो म्हणून सांगितलं नव्हतं. पहाटेच्या बसने आले असणार. हातात छत्री आणि एक पिशवी. त्यांनी मला ओळख दिली नाही, म्हणजे मधे बोलून माझं काम अडवलं नाही. मी म्हणत होते, "ही झोपायची खोली. दोन खिडक्या समोरासमोर नाहीत, थोड्या तिरक्या आहेत, त्यामुळे वारा खोलीभर फिरून बाहेर जातो." ते इतरांसारखं मान हलवून ऐकत होते. लोक पुढे सरकले. बाबा तिथेच राहिले.

"बसलं तर चालेल का गं?"

पलंगावर बसू नये अशी पाटी आहे. ती मीच लिहिलेली. म्हटलं, "बसा ना."

पुढचे लोक आले, मी त्यांना घेऊन दारात आले, तर बाबा आडवे झाले होते. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. चष्मा डोळ्यांवरच. तोंड उघडं. मी जवळ जाऊन चष्मा काढला, तरी त्यांना कळलं नाही.

लोक दाराशी थांबले होते. एक बाई म्हणाल्या, "हे पण दाखवायचंच आहे का?" गोगलगाय काय अडलंय बघायला आला. त्याने बाबांना पाहिलं, मला पाहिलं, आणि निघून गेला. मला वाटलं, मास्तरांना बोलवायला गेला. थोड्या वेळाने वरचा पंखा फिरायला लागला.

मग तोफ आली. एका पोस्टरच्या मागच्या बाजूला तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "ही खोली आज बंद आहे". ते दारावर चिकटवलं आणि दार ओढून घेतलं. एक काका तणतणले, इतक्या लांबून आलो आणि अर्धंच घर? तोफ म्हणाली, "काका, उद्या या, तुम्हाला दोनदा दाखवते." हे ती इतक्या हळू म्हणाली की काकांना "काय?" म्हणावं लागलं. तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

परीक्षक दुपारी आले. एक बाई, एक गृहस्थ. लोकांच्या वेळेत घरातलं प्रत्येक दार उघडं हवं, असा नियम आहे.

"ही खोली का बंद?" बाईंनी विचारलं.

मास्तर खिशातली किल्ली फिरवत होते. म्हणाले, "आत एक जण झोपलेत."

"कोण?"

"घरी पाहुणे आलेत," मास्तर म्हणाले. त्यांचं एवढं सरळ वाक्य आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

बाईंनी दार थोडं उघडून पाहिलं, परत लावलं. कडी वाजू नये म्हणून बोट मधे धरलं. वहीत लिहिलं. "नियम तो नियम आहे," त्या म्हणाल्या, पण त्याही कुजबुजल्याच.

"हो, हो," मास्तर म्हणाले.

टॉवेल कोरडे झाले नाहीत. मशीन मधेच बंद करावं लागलं. शेजारचे लोक जेवायला आले तेव्हा भाजी कोमट होती आणि एकच दिवा होता. बाबा तेवढ्यात उठून बाहेर आले, गालावर चादरीच्या सुरकुत्या.

"बराच वेळ झोपलो का?"

"नाही. थोडाच."

"पंखा छान आहे तुमचा," ते गोगलगायला म्हणाले. गोगलगाय म्हणाला, "हो, काका." आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.

बाबांनी दोनदा भात मागून घेतला. शेवटच्या बसने परत गेले. हे सगळं तुला का सांगतेय माहीत नाही. आज एवढंच घडलं.

— धाकटी


१४ मार्च

ताई,

आम्ही चौथे आलो. बंद खोलीचे आणि ओल्या टॉवेलांचे गुण मिळाले असते तर तिसरे आलो असतो. निकालाचा कागद लावला तेव्हा सगळ्यांनी तो वाचला आणि सगळ्यांना ते कळलं. पिठाचा डबा तिसरा आला. तो तिथेच राहणार. आमचं घर परत खोलायचं.

वायर काढताना मी गोगलगायला म्हटलं, "माझ्या बाबांमुळे झालं."

तो म्हणाला, "वायर गुंडाळ. उलटी नको, पीळ पडतो."

मी गुंडाळली. तोफ छतावर बसून एकेक स्क्रू काढत होती आणि रडत होती. आमच्या घरासाठी रडत होती, हे मला बरं वाटलं. बाबा रविवारी पुन्हा आले, मदतीला. त्यांना पाना धरता येत नाही. त्यांनी खिळे आणि स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत घातले, दुकानात गोळ्या लावतात तसे.

आता तुझं.

आईने तुझं नाव घेतलं नाही.

दवाखान्यात शेवटच्या दुपारी मी एकटी होते. बाबा घरी आंघोळीला गेले होते. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "गॅस बंद केलास का?" मी म्हटलं, केला. ती म्हणाली, "बघून ये." मी उठले. वॉर्डच्या बाहेर गेले, पाण्याच्या टाकीपाशी थोडी उभी राहिले, परत आले. म्हटलं, "बघितला. बंद आहे." ती म्हणाली, "हं." आणि डोळे मिटले. संध्याकाळी बाबा आले तेव्हा ती बोलण्याच्या पलीकडे गेली होती. बाबा तिचा हात धरून बसले. ती त्यांना "अहो"सुद्धा म्हणाली नाही.

एवढंच. तुझं नाव नाही, माझं नाही, त्यांचं नाही. गॅस. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे त्यात? मामी शेवटचं काय बोलली म्हणून विचारत राहिली, मी म्हटलं, काही नाही.

तुला खोटं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. पण मग तुझं नाव घेणारी खोटी आई तुझ्याकडे राहिली असती आणि गॅसवाली एकट्या माझ्याकडे. ती मला एकटीला जड होतेय, ताई. हे लिहिताना कळलं.

हात दुखायला लागला. तळव्याला नवी कातडी आलीय, पेन धरलं की ताणली जाते. थांबते.

— धाकटी


४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र पोचलं. "खोटं सांगितलं नाहीस ते बरं केलंस" हे वाचलं. खालचंही वाचलं. तीनदा वाचलं, तारीख नीट दिसेना म्हणून.

ये.

तू येशील तेव्हा मी घरी नसेन. मुद्दाम नाही. आमचं घर एका आरोग्य केंद्राने मागितलंय. तिथे नर्सला राहायला जागा नाही, ती रोज दोन बस बदलून येते. आमच्या घराला आता एक माणूस मिळेल. आम्ही सगळे ते उभं करायला जातोय, मास्तरही. गोगलगाय म्हणतो, चार दिवसांत होईल. म्हणजे आठ समज. मग मी येतेच.

बाबांना सांगितलं. ते काउंटरवरच्या गोळ्या मोजत होते, दुकानात गर्दी होती. "कोण येतंय?" म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि गिऱ्हाइकाला चुकीचे पैसे परत दिले. गिऱ्हाईक भलं होतं.

घरी आल्यावर म्हणाले, "ती पुढच्या खोलीत झोपेल ना? मग मला खुर्ची सोडावी लागेल." आणि आतल्या खोलीत गेले. बराच वेळ आत होते. मी दारापाशी गेले नाही. खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग पलंग सरकवल्याचा. मग बाहेर येऊन विचारलं, "उशीचे अभ्रे कुठे असतात गं?" मला सांगता आलं नाही. मी तोंड उघडलं आणि मला रडू आलं, ताई. उशीच्या अभ्र्यांवरून. बाबा तसेच उभे होते, हातात उघडी उशी. मग म्हणाले, "राहू दे, शोधतो मी." आणि शोधले. सगळी कपाटं उघडी टाकली आणि शोधले.

बेल बंद आहे, कडी वाजव. जिन्यावरचा दिवा गेलाय, जपून चढ. दार बाबा उघडतील. ते तुझी बॅग आधी घेतील आणि मग ती कुठे ठेवायची हे न कळून तशीच धरून उभे राहतील. काय बोलावं ते त्यांना सुचणार नाही. तूच आधी बोल. मोठं काही नको, माफी वगैरे तर मुळीच नको, ते घाबरतील.

जेवलात का, एवढं विचार. ते नाही म्हणतील. मग दोघं जेवा.

— धाकटी